चौतीस पांढरे दगड

सावरथडी, ता. घनसावंगी, जि. जालना
बुधवार, १२ मार्च २०२५
रजिस्टर्ड, पोचपावतीसह

प्रति,
सचिव, दोन राज्यांची संयुक्त गोदावरी पाणी समिती,
बोधन कार्यालय, तेलंगणा

महोदय,

सोमवार, दिनांक १० मार्च २०२५ रोजी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी सावरथडीच्या बंधाऱ्याची दोन दारे उघडण्यात आली. अकरा वाजून पाच मिनिटांनी बंधाऱ्याखालच्या वाळूच्या पट्ट्यावरची काळ्या पोटाच्या सुरयाची नऊच्या नऊ घरटी पाण्याखाली गेली. घड्याळ माझ्या मनगटावर होते आणि ते आकाशवाणीशी लावलेले असते.

हा पक्षी जगातून नाहीसा होत चालला आहे, हे मला तुमच्याच परिपत्रकाने कळवले. डिसेंबरात ते आमच्या ग्रामसभेत वाचून दाखवले गेले. त्यात म्हटले होते की उन्हाळ्यात महाराष्ट्राने तेलंगणाला दोनदा पाणी सोडायचे, मात्र घरट्यांना धक्का लावायचा नाही. गावकऱ्यांनी घरट्यांची हद्द चुन्याच्या पांढऱ्या दगडांनी दाखवावी, पाणी त्या दगडांच्या पलीकडे जाणार नाही. ग्रामसभेतले बाकीचे लोक चहाची वाट पाहत होते. मी लिहून घेतले.

चौतीस दगड मी आणि शेजारच्या आसराबाईंनी डोक्यावरून नेले. माझे वय अडुसष्ट, त्यांचे त्र्याहत्तर. चुना आम्हीच कालवला. आणि सोमवारी काय झाले? पाणी घरट्यांवरून गेले आणि दगडांपाशी येऊन थांबले. चौतिसांतला एकही दगड भिजला नाही. अंडी बुडवून दगड कोरडे राखणे याला मी निष्काळजीपणा म्हणत नाही, चेष्टा म्हणते.

दारे उघडणारा माणूस कचरू. तो वर उभा राहून बघत होता. मी गुडघाभर पाण्यात उभी होते आणि त्याला हाका मारत होते. त्याने हात हलवला.

मी मंठ्याच्या पोस्टातून उपडाकपाल म्हणून निवृत्त झाले आहे. कागद पोचला नाही, ही सबब माझ्यापुढे चालत नाही. कारण, जबाबदार माणसाचे नाव आणि दिलगिरी, तिन्ही लेखी हवे. मुदत २२ मार्च.

चतुरा रखमाजी खरात

*

बोधन
१८ मार्च २०२५

श्रीमती चतुरा खरात यांस सादर नमस्कार.

तुमचे पत्र सचिवसाहेबांनी माझ्याकडे दिले, कारण या कार्यालयात मराठी वाचणारी मी एकटीच. मी इथे सहायक अभियंता आहे. आमचे घर बोधनचेच, पण घरात बोली मराठी.

झाले ते वाचून फार वाईट वाटले. चौकशी सुरू केली आहे. तुमच्या बाजूच्या अभियंत्यांनाही कालच लिहिले. कारण कळल्याशिवाय दिलगिरीचा कागद मला काढता येत नाही. पण माझ्यापुरते म्हणाल तर मला खरेच वाईट वाटले.

काही प्रश्न आहेत. रागावू नका, मला माहिती हवी आहे.

घरट्यांत एकूण अंडी किती होती? पाणी आले तेव्हा ती तरंगली की बुडाली? हे विचित्र वाटेल, पण ताजे अंडे बुडते आणि आत पिल्लू वाढत आले की तरंगते, असे मी वाचले आहे. त्यावरून ती किती दिवसांची होती ते कळेल. आणि दगड नेमके कुठे लावले होते? घरट्यांपासून किती पावलांवर, कोणत्या बाजूला? एक साधा नकाशा काढून पाठवाल का?

मी हा पक्षी कधी पाहिलेला नाही. चार महिने झाले, रोज फायलीत त्याचे नाव लिहिते. आजी, तो दिसतो कसा, तेवढे एकदा लिहा.

तुमची नम्र,
प्रांजली

*

सावरथडी
२४ मार्च २०२५

प्रांजली यांस,

पत्र २२ तारखेला दुपारी सव्वाबाराला पोचले, म्हणजे मुदतीत. ते मान्य.

मी तुमची आजी नाही. मी कोणाचीच आजी नाही. जालन्याच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला शिकवले होते की ज्याच्याकडे काम आहे त्याला त्याच्या नावाने बोलवावे. मी तिथे कशी गेले म्हणाल, तर माझे वडील मेंढपाळ, पण दोन म्हशीही होत्या आणि दूध कॉन्व्हेंटला जायचे. मोठ्या सिस्टरांनी एक दिवस विचारले, ही मुलगी किटल्या मोजते ती बरोबर मोजते, हिला शाळेत का घालत नाही. वडील म्हणाले, घ्या. तेवढ्यावर झाले.

आता तुमचे प्रश्न. अंडी तेवीस. सतरा तरंगली.

तुमच्या हिशेबाने त्या सतरांत पिल्ले होती. मला हे माहीत नव्हते. कळले नसते तर बरे झाले असते. चार दिवस माझ्या डोक्यात तेच आहे.

पक्षी दिसतो कसा? पारव्याहून लहान, अंगाने सडपातळ. डोक्यावर काळी टोपी, चोच पिवळीधमक, शेपूट कात्रीसारखे दुभंगलेले. छाती राखाडी आणि पोट काळेभोर, जणू दौतीत बसून उठलाय. वडील त्याला वाळूपाखरू म्हणायचे. घरटे म्हणजे वाळूत पोटाने केलेला खळगा, काडी नाही की पीस नाही. अंडे वाळूच्याच रंगाचे, पाय पडेपर्यंत दिसत नाही. भर दुपारी वाळूवर आपल्याला उभे राहवत नाही, तेव्हा हा पक्षी उडून पाण्याला पोट लावून येतो आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतो. पाच मिनिटांनी पुन्हा जातो. मी एका मादीच्या दुपारभरात एकतीस खेपा मोजल्या.

दगडांचे विचाराल तर दगड जिथे असायला हवेत तिथेच होते. नकाशे काढणे तुमचे काम, तुम्हाला त्याचा पगार मिळतो.

महत्त्वाचे पुढे आहे. पक्षी गेलेले नाहीत. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी परत आले. काल, म्हणजे २३ तारखेला, मी सात खळगे मोजले आणि पाचांत अंडी आहेत. तुमच्या परिपत्रकात दुसऱ्या पाण्याची तारीख १० एप्रिल आहे. अंड्यातून पिल्लू बाहेर यायला तीन आठवडे लागतात आणि ते चालायला लागेपर्यंत आणखी काही दिवस. मोजा. हे पाणी सोडू नका. याच्यानंतर ते तिसऱ्यांदा अंडी घालणार नाहीत, तेवढा उन्हाळा उरत नाही.

उत्तर ३१ मार्चच्या आत. लेखी.

चतुरा खरात

*

बोधन
२९ मार्च २०२५

चतुराबाई,

आजी म्हटल्याबद्दल माफ करा. आमच्याकडे पांढऱ्या केसांच्या बाईला बिलकुल दुसरे काही म्हणत नाहीत. केस पांढरे आहेत हे मीच गृहीत धरले, तेही चुकलेच.

एकतीस खेपांचा परिच्छेद मी सचिवसाहेबांना तेलुगूत सांगितला. त्यांनी फाईल मिटली. मग त्यांनी विचारले, हे त्यांनी उन्हात बसून मोजले का? मी म्हटले, तसेच दिसते.

पण दुसरे पाणी रद्द होणार नाही. ते मी आधीच सांगते, तुम्हाला फिरवून बोललेले चालणार नाही. या पाण्यावर आमच्याकडची एकतीस गावे पिण्यासाठी उभी आहेत. आकडा नेमका तुमच्या खेपांइतका निघाला. माझ्या सासरच्या गावी नळाला चार दिवसांनी पाणी येते. सासूबाईंनी अंगणात किती भांडी मांडून ठेवली आहेत ते मी तुम्हाला मोजून सांगू शकते, मलाही मोजायची सवय आहे. तुमचे पक्षी आणि आमच्या कळशा, दोघांचे पाणी एकच आहे. दोन राज्यांनी एका कागदावर सही केली ती यासाठीच. नाहीतर आम्ही पाण्यासाठी भांडत होतो आणि पक्ष्यांचे नावही कोणी घेत नव्हते.

तारीख हलत नाही, पण पाणी कसे सोडायचे यावर बोलता येईल. त्यासाठी मला समितीपुढे सांगावे लागेल की पहिल्या वेळी काय चुकले. ते मला अजून कळलेले नाही.

कचरूंचा जबाब तुमच्या बाजूने आला आहे. तुमच्या तक्रारीवरून त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली आहे. ते रोजंदारीवर आहेत. जबाबात दोनच ओळी आहेत: "मला दगडापर्यंत पाणी न्यायला सांगितले होते. मी दगडापाशी पाणी थांबवले."

तुम्हीही तेच लिहिले आहे, की दगड कोरडे राहिले. दोघांचे म्हणणे जुळते. मग घरटी बुडाली कशी? मी दोन्ही कागद शेजारी ठेवून तीन दिवस बघते आहे. दगड आणि पाणी यांच्या मध्ये काय होते?

नकाशा काढून पाठवा, चतुराबाई. हात जोडते.

प्रांजली

*

सावरथडी
२ एप्रिल २०२५
स्पीड पोस्ट

प्रांजली,

तुझे पत्र काल मिळाले, मुदतीनंतर एक दिवस. अहो-जाहो करायला आज वेळ नाही.

पत्र वाचले आणि आधी राग आला. तीन दिवस कागद बघत बसण्यापेक्षा इथे येऊन वाळू बघितली असती तर, असे मनात आले. मग छत्री घेतली आणि बंधाऱ्यावर गेले. कचरूशी मी १० मार्चपासून बोललेले नव्हते. तो मला बघून उठून उभा राहिला.

मी विचारले, "त्या दिवशी हात का हलवलास?"

तो म्हणाला, "बाई, तुम्ही हाका मारून राह्यल्या व्हत्या. मला वाटलं, सांगायल्या का बराबर आलं पाणी, आता थांब. मंग म्या हात केला, का थांबिवतो म्हणून."

"आणि घरटी?"

"घरटी मला हितून दिसतेत का? मला दगड दिसतेत. साहेबानं सांगितलं, दगडाला पाणी लागू द्यायचं न्हाई. म्या तीनदा खाली उतरून बघून आल्तो. एक दगड भिजला असंल तर दाखवा."

"भिजला नाही."

"मंग माझी चूक काय झाली, ते तरी सांगा. नोटिशीत न्हाई लिव्हलेलं. घरी बायकू इचारते, मी काय सांगू?"

मी त्याला म्हटले, सरक जरा, मला इथून बघू दे. तो जिथे उभा राहतो, दाराच्या चाकापाशी, तिथे मी उभी राहिले. गेली तीन वर्षे मी तो वाळूचा पट्टा रोज बघते, पण गावाकडून. चाकापाशी मी पहिल्यांदाच उभी होते.

तिथून आधी पाणी दिसते. मग वाळू. मग, पार पलीकडे, गावाच्या अंगाला, माझे चौतीस दगड.

तू विचारलेस, दगड आणि पाणी यांच्या मध्ये काय होते. घरटी होती.

आता सांगते, कसे झाले ते. मी मेंढरांच्या घरात वाढले. वडिलांचा कळप उन्हाळ्यात या वाळूवर बसायचा. कळपाची जागा धरायची तर आम्ही जमिनीच्या अंगाला दगड मांडतो, कारण दुसऱ्याचा कळप तिकडून येतो, कुत्री तिकडून येतात, लांडगा तिकडून यायचा. पाण्याच्या अंगाला कोणी दगड लावत नाही. पाणी म्हणजे आमची भिंत. वडील पाण्याकडे पाठ करून झोपायचे. मी दगड लावले ते तसेच, अर्धा गोल, गावाकडून. कुत्री अडली, अंकुशनगरच्या साखर कारखान्याला ऊस नेणारे ट्रॅक्टर वाळूत वळायचे ते अडले, शेजारची मेंढरेसुद्धा दगड बघून लांबून गेली. मला वाटले, काम चोख झाले. परिपत्रक मी लिहून घेतले होते. त्यात पाणी हा शब्द होता. हाताने लिहिला आणि दगड लावताना विसरले, कारण हात वडिलांचे होते.

तू पहिल्याच पत्रात विचारले होतेस, कोणत्या बाजूला. मी उत्तर दिले नाही. तेव्हा मला कळले नव्हते, पण प्रश्न आवडला नव्हता. पोस्टात चाळीस वर्षे काढल्यावर एवढे समजते की जो प्रश्न आवडत नाही तो पुन्हा वाचावा. मी वाचला नाही.

कचरूला मी तिथेच सांगितले. त्याने एकदा दगडांकडे बघितले. मग म्हणाला, "म्हंजी आपण दोघं बी बराबर व्हतो." मी म्हटले, नाही, तू बरोबर होतास. तो म्हणाला, "मंग आता जल्दी उचला. आठ दिवस राह्यलेत."

आज सकाळी दगड उचलले. मी, आसराबाई आणि कचरू. आता ते पाण्याच्या अंगाला आहेत, सगळ्यात खालच्या खळग्यापासून बारा पावले पाण्याकडे. नकाशा सोबत आहे. घरटी आठ झाली आहेत, अंडी एकोणीस.

पण दगड हलवून पाणी कमी होत नाही. कचरूचे म्हणणे असे: दोन दारे तीन दिवस उघडली की पाणी जुन्या दगडांपर्यंत चढते. एकच दार एक वीत उघडले तर ते नव्या दगडांच्या खाली राहील, पण तेवढेच पाणी तुमच्याकडे पोचायला नऊ दिवस जातील. म्हणजे तुमच्या कळशा आणखी सहा दिवस थांबतील. हे मागायला मला जीभ उचलत नाही. तरी मागते.

उत्तर ८ एप्रिलच्या आत. पोस्टाने नाही जमले तर फोन कर. नंबर मागे लिहिला आहे. मी फोनवर बोलत नाही, पण उचलेन.

चतुरा खरात

*

बोधन
७ एप्रिल २०२५

चतुराबाई,

मघाशी फोनवर सांगितले तेच लेखी देते, कारण तुम्ही फोन ठेवताना "लेखी" एवढेच म्हणालात.

आज समिती बसली. तुमचा नकाशा मोठा करून भिंतीवर लावला होता. आमच्याकडचे एक सदस्य म्हणाले, नऊ दिवस थांबायचे म्हणजे लोकांना काय सांगायचे? सचिवसाहेबांनी त्यांना एकतीस खेपांचे सांगितले. ते म्हणाले, ते ठीक आहे, पण माझ्या गावातल्या बायकाही दिवसाला तेवढ्याच खेपा करतात. त्यांचे खोटे नव्हते. मग तेच म्हणाले, नऊ दिवस टँकर लावा आणि रोजचे पाणी मोजून कळवा, मी गावात सांगतो.

ठरले ते असे. १० एप्रिलला सकाळी सहा वाजता एक दार, एक वीत. नऊ दिवस. मधल्या सगळ्या बंधाऱ्यांची दारे उघडी राहतील, म्हणजे पाणी वाटेत अडणार नाही. नव्या दगडांपर्यंत किती अंतर उरले ते सकाळ-संध्याकाळ कचरूंनी आणि तुम्ही, दोघांनी मिळून, कळवायचे. एकाने नाही. ही अट दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांनी घातली. मी हसू आवरले.

सासूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, पाखरासाठी? मी म्हटले, हो. त्या म्हणाल्या, मंग त्या बाईला विचार, पिल्लं दिसायला कशी असतेत.

प्रांजली

*

सावरथडी
२५ एप्रिल २०२५
रजिस्टर्ड, पोचपावतीसह

प्रांजली,

नऊ दिवसांचे अठरा आकडे तुला मिळाले आहेतच. रामनवमीची जांबची यात्रा नुकतीच होऊन गेली होती, पाहुण्यांना नदी दाखवायला आणणारे थांबले होते, वाळू शांत होती. तरी चौथ्या दिवशी संध्याकाळी पाणी दगडांपासून दोन पावलांवर आले. कचरू चाकापाशी, मी दगडांपाशी. मी हात वर केला. या वेळी हाताचा अर्थ आम्ही आधी ठरवून ठेवला होता. त्याने दार दोन तासांसाठी दोन बोटे उतरवले. तेवढे दोन तास तुमचे पाणी कमी आले असेल, ते माझ्या नावावर लिही.

दगड कोरडे राहिले. त्याचे मला पहिल्यांदाच बरे वाटले.

आठ घरटी. एक कावळ्याने फोडले, त्याला पाण्याचा किंवा राज्यांचा संबंध नाही. उरलेल्या सातांतून आज दुपारपर्यंत अकरा पिल्ले बाहेर आली आहेत. सासूबाईंना सांग: वाळूच्या रंगाचा कापसाचा गोळा, त्यावर काळे ठिपके, पाय गुलाबी. आई ओरडली की जागच्या जागी चपटे होतात आणि दिसेनासे होतात. मी एकदा अकरा मोजले, मग नऊ, मग पुन्हा अकरा. आसराबाई म्हणाल्या, तुम्हाला आकडे येत न्हाईत वाटतं. कचरूने बायकोला आणून दाखवले. तिने विचारले, याच्यासाठी नोटीस आली? तो म्हणाला, याच्यासाठी न्हाई, बाईच्या दगडासाठी.

आणि आता मुद्दा. तुझ्या फोनवरून मला कळले की कचरूची नोटीस "समज देऊन निकाली" काढली जाणार आहे. समज कशाची? ज्याने सांगितले तसे काम केले त्याला समज, आणि जिने दगड उलटे लावले तिचा नकाशा भिंतीवर?

माझी मागणी तीन ओळींची आहे. १२ मार्चच्या माझ्या तक्रारीवर दोन्ही राज्यांच्या फायलीत असे लिहावे: घरटी बुडण्यास बंधाऱ्याचा कर्मचारी कचरू जबाबदार नाही. दगड तक्रारदार चतुरा रखमाजी खरात यांनी चुकीच्या बाजूला लावले होते. समितीच्या पुढच्या परिपत्रकात दगड पाण्याच्या अंगाला लावावेत हे स्पष्ट छापावे, कारण नदीकाठी मेंढरांची घरे माझ्या एकटीची नाहीत. तुमच्याकडच्या वाळूवर पुढच्या वर्षी हा पक्षी आला तर तिथेही कोणीतरी दगड घेऊन उभे असेल, आणि त्यालाही त्याच्या वडिलांनी शिकवलेले असेल.

आजी म्हणायचे असेल तर म्हण, पण पाकिटाच्या आत. बाहेर पूर्ण नाव.

वरील नोंदीची सही-शिक्क्याची प्रत, एक मला आणि एक कचरूच्या घरच्या पत्त्यावर, सोमवार, दिनांक ५ मे २०२५ रोजी सायंकाळी पाच वाजेच्या आत लेखी मिळावी. न मिळाल्यास ६ मे रोजी सकाळी दहा वाजता मी माझ्याविरुद्ध दुसरी तक्रार रजिस्टर्डने पाठवीन, आणि त्यात तारीख, वेळ आणि दगडांची संख्या बरोबर असेल.

चतुरा रखमाजी खरात